बिलातली शेळी

ऑगस्ट उजाडला की आयोवात दोन गोष्टी न मागता घरी येतात. शेजाऱ्यांच्या परसातली मक्याची कणसं आणि मालमत्ता कराचं बिल. इथली माणसं बिलाचा शेवटचा आकडा बघतात, सरकारच्या नावाने दोन शब्द बोलतात आणि पैसे भरून मोकळी होतात. मी संगमनेरकडच्या कोरडवाहू घरातला. वाण्याच्या यादीची बेरीज परत करून पाहायची, लाइट बिलावरचं मागचं रीडिंग ताडून घ्यायचं, एसटीच्या तिकिटाला कंडक्टरने भोक नेमकं कुठे पाडलंय तेही बघायचं, हा आमचा कुळाचार. तेव्हा घर घेतल्यावर आलेलं पहिलं बिल मी चहाचा कप शेजारी ठेवून ओळीओळीने वाचलं. शहराचे इतके, काउंटीचे इतके, शाळेचे सगळ्यात जास्त, कम्युनिटी कॉलेजचे इतके. आणि खाली कोपऱ्यात, अंग चोरून बसलेल्या पाहुण्यासारखी एक ओळ होती : ‘अ‍ॅग एक्स्टेंशन’. रक्कम दहा डॉलर आणि वर चिल्लर.

आमच्याकडे एक्स्टेंशन म्हणजे वायर. गणपतीच्या मंडपापर्यंत वीज नेणारी, मधे दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आणि उत्सव संपल्यावर हमखास दुसऱ्याच्या घरी सापडणारी. बायको म्हणाली, “आपण घेतलीच नाही तर पैसे कसले?” तिचा मुद्दा बिनतोड होता. ऑफिसात चौकशी केली तेव्हा कळलं, हे विद्यापीठाचं एक्स्टेंशन. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांच्या भाषेत ‘विस्तार शिक्षण’. पण खरं सांगायचं तर वायरच. प्लग विद्यापीठाच्या भिंतीत, आणि दिवा लावायचा सत्तर मैलांवरच्या कुणाच्या तरी गोठ्यात.

आपल्या दहा डॉलरचा दिवा नेमका कुठे लागतो, हे पुढची तीन वर्षं मला कळलं नाही. ते कळलं शेळीमुळे.

कन्या पाचवीत असताना शाळेतून एक हिरवा कागद घेऊन आली. कागदावर चार पानांचं क्लोव्हर, म्हणजे आपल्या लसूणघासाचं चुलत भावंड, आणि प्रत्येक पानावर इंग्रजी ‘एच’ हे अक्षर. हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ. डोकं, काळीज, हात आणि प्रकृती. या संस्थेचं नाव फोर-एच. मुलांनी वर्षभर काहीतरी स्वतः करायचं, त्याची नोंद ठेवायची आणि जुलैत काउंटीच्या जत्रेत ते मांडायचं. काय करायचं याची यादी भली लांब होती. रोबो, शिवणकाम, फोटोग्राफी, पाव भाजणं, रॉकेट. मी बोट रोबोवर ठेवलं. कन्येने यादी उलटी केली आणि म्हणाली, “बाबा, मला शेळी हवी.”

रविवारी गावी व्हिडिओ कॉल असतो. आईला सांगितलं.

“काय घेतेय म्हणाली?”

“शेळी.”

आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, “तुझी इंजिनिअरिंगची पहिली फी कशातनं भरली, ध्यानात हाय ना?”

ध्यानात आहे. पाच शेळ्या आणि एक बोकड.

“म्हंजी शेळ्या इकून तुला तिकडं धाडला, आन तू तिकडं जाऊन शेळी घेतलीस.” मग तिने भाव विचारला. मी तीनशे डॉलर म्हणालो. तिने शेजारी बसलेल्या अण्णांकडून गुणाकार करून घेतला. “येवढ्यात दोन संगमनेरी आल्या असत्या. वर करडू.” संगमनेरी शेळीवर आईचा फार जीव. त्या जातीवर राहुरीच्या विद्यापीठात कितीतरी वर्षं काम चालू आहे, पण आईला ते मान्य नाही. तिच्या मते शेळी सुधारायची काही गरज नव्हती, सुधारायला हवा तो व्यापारी.

शेळी शहरात ठेवता येणार नव्हती. फोर-एचच्या स्थानिक क्लबच्या प्रमुख एक शेतकरीण बाई होत्या, त्यांच्या गोठ्यात जागा मिळाली, घरापासून दहा मैलांवर. रोज सकाळी सहाला जाऊन-येऊन वीस मैल. लहानपणी शेळ्यांमागे मी जेवढा चाललो नाही तेवढं पेट्रोल आता एका शेळीमागे जाळलं. अण्णा म्हणायचे, शेळी म्हणजे गरिबाची गाय. अमेरिकेत ती श्रीमंताचीसुद्धा गायच पडते, फक्त खर्चाच्या बाजूने.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण तो मला फार आवडलाय आणि घरात कोणी ऐकत नाही.

१८६२ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेने मॉरिल कायदा केला. राज्याचे काँग्रेसमध्ये जितके सदस्य तितक्या तीस-तीस हजार एकर सरकारी जमिनी राज्याला द्यायच्या, त्या विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं चालवायची. आपल्याकडे देवळाला इनाम असायचं, यांनी कॉलेजाला दिलं. ही देणगी स्वीकारणारं पहिलं राज्य आयोवा. कॉलेजं झाली, प्रोफेसर झाले, प्रयोग झाले. अडचण एकच होती. शेतकरी ऐकेना. पुस्तकातला प्रोफेसर बांधावर आला की बाप्ये टोपी वर करून डोकं खाजवायचे आणि तो गेला की जे करायचं तेच करायचे. जगातला कुठलाही बाप असाच असतो. माझा आहे. मीही आहे, असं कन्येचं म्हणणं आहे.

मग काही लोकांच्या डोक्यात आलं, बाप ऐकत नाही तर पोराला धरा. फोर-एचचं मूळ इथे आहे. ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळाधिकाऱ्याने १५ जानेवारी १९०२ ला कोर्टाच्या तळघरात मुलांना जमवलं आणि त्यांना लिटमस कागदावर माती तपासायला, मका आणि टोमॅटो लावायला शिकवलं. दक्षिण कॅरोलिनात १९१० साली जेरी मूर नावाच्या पंधरा वर्षांच्या पोराने एका एकरात पावणेदोनशे नव्हे, दोनशे सव्वाअठ्ठावीसही नव्हे, २२८ पूर्णांक तीन चतुर्थांश बुशेल मका काढला. तो तीन चतुर्थांश मला विशेष भावतो. कोणीतरी शेवटचं माप अर्ध्यावर न सोडता मोजलंय. त्याच वर्षी त्याच राज्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींना एकराच्या दहाव्या भागात टोमॅटो लावायला लावले. मुलींनी ते पिकवले, डब्यात भरले आणि विकले. आणि मग कुंपणापलीकडून बघणाऱ्या बापांनी, कुणाला न विचारता, पोरासारखंच बी लावलं.

ग्रॅहमसाहेबांची पुढची गोष्ट माझ्या मुद्द्याची आहे. १९०५ साली ओहायो स्टेट विद्यापीठाने त्यांना एक्स्टेंशनचं काम बघायला पगारावर घेतलं. तळघरातली हौस नोकरी झाली.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. आपल्या निम्म्या घरांतल्या कपाटात वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आहे. मी आयोवात नोकरी लागली म्हणून सांगितलं तेव्हा आमच्या मराठीच्या गुरुजींनी कंपनीचं नावसुद्धा विचारलं नाही, “म्हणजे कार्व्हरचं कॉलेज जिथे आहे तिथे?” एवढंच म्हणाले. हो, तिथेच. एम्समधल्या आयोवा स्टेटमध्ये कार्व्हर शिकले आणि १८९६ ला पदव्युत्तर पदवी घेऊन टस्कीगीच्या कॉलेजात गेले. तिथे १९०६ साली एक घोडागाडी तयार झाली. तिच्यात अवजारं, बियाणं, लोणी काढायची यंत्रं. ती गावोगाव जायची आणि शेतकऱ्याच्या दारात शाळा भरायची. गाडीचे पैसे दिले न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप या धनिकाने, म्हणून तिचं नाव जेसप वॅगन. कार्व्हरचं नाव आपल्याला पाठ आहे, पण ती गाडी रोज गावोगाव नेणारा थॉमस कॅम्पबेल आपल्याला ठाऊक नसतो. तो सरकारने नेमलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय विस्तार कर्मचाऱ्यांपैकी. गाडीला दाता मिळाला, गाडीवर त्याचं नावही लागलं. गाडी हाकणाऱ्याचा पगार मात्र शेवटी सरकारलाच द्यावा लागला. हे मी विसरलो नाही, कारण पुढे एका सभेत ते माझ्या कामी आलं.

८ मे १९१४ ला अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी स्मिथ-लीव्हर कायद्यावर सही केली आणि एक्स्टेंशनची वायर देशभर टाकली गेली. प्रत्येक राज्याला वर्षाला दहा हजार डॉलर बिनशर्त. त्यापुढे हवे असतील तर जेवढे केंद्राचे तेवढेच राज्याने घालायचे. काउंटीनेही आपला वाटा उचलायचा. म्हणून याचं नाव को-ऑपरेटिव्ह एक्स्टेंशन. नगर जिल्ह्यातल्या माणसाला को-ऑपरेटिव्ह म्हटलं की साखर कारखाना आणि पॅनेलची निवडणूक आठवते. इथेही निवडणूक आहेच, ते पुढे सांगतो. कायद्यात एक मोठी खोट होती. पैसा राज्यातल्या कुठल्या कॉलेजाला द्यायचा हे राज्यांवर सोडलं होतं, आणि दक्षिणेतल्या राज्यांनी तो गोऱ्यांच्या कॉलेजांकडे वळवला. जेसप वॅगन ज्या कृष्णवर्णीयांच्या दारात गेली, त्यांच्या कॉलेजांच्या हाती हा पैसा कितीतरी वर्षं सरळ आलाच नाही.

तर आमची शेळी.

जत्रेच्या आधी एक कागद भरायचा असतो. यंदा काय ठरवलं होतंस, ते कसं केलंस, काय शिकलीस. परीक्षक तो कागद हातात घेऊन मुलासमोर खुर्ची टाकून बसतात आणि गप्पा मारतात. मी मराठी पालक. पोरीचा प्रकल्प म्हणजे माझा प्रकल्प. रात्री जागून लिहिलं, “शेळीपालनाच्या माध्यमातून जबाबदारी, शिस्त व श्रमप्रतिष्ठा या मूल्यांची जोपासना करीत व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास साधणे.” इंग्रजीत ते आणखीच भारदस्त दिसत होतं.

एक्स्टेंशनच्या ऑफिसात फोर-एच बघणाऱ्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, गाडीत कायम गवताचा वास. त्यांना मी मनातल्या मनात नुसतं ‘बाई’ म्हणायचो, शाळेत म्हणतात तसं. बाईंनी माझा कागद वाचला, अगदी प्रेमाने घडी घातली आणि परत दिला. “सुंदर लिहिलंय. आता तिने लिहिलेलं द्या.”

कन्येने लिहिलं होतं, “शेळीने माझा शर्ट खाऊ नये, हे ठरवलं होतं.” कसं केलंस? “जुने शर्ट घालून गेले.” काय शिकलीस? “शेळीला जुनं-नवं कळत नाही.”

जत्रेत तिला लाल फीत मिळाली. मी लगेच विचारलं, “किती जणांत?” इथे तसं नसतं म्हणे. प्रत्येक जनावराची परीक्षा ठरलेल्या मापाशी, शेजाऱ्याच्या जनावराशी नाही. चांगलं असेल तर निळी, बरं असेल तर लाल, नाहीतर पांढरी. म्हणजे सगळ्यांना काही ना काही मिळतंच. बक्षीस समारंभात शेवटपर्यंत नाव पुकारलं न गेलेल्या माझ्यासारख्याला ही पद्धत फार माणुसकीची वाटली. तरीही बाईंना मी विचारलंच, “निळी का नाही?” त्या म्हणाल्या, “तिला विचारा.” कन्या मान खाली घालून म्हणाली, “खूर वेळेवर कापले नाहीत मी. परीक्षकांनी पहिल्यांदा तिथेच बघितलं.” ही कबुली मला तीनशे डॉलरला स्वस्त पडली.

फितींवर फार विश्वास ठेवू नये, असा धडा या आयोवातच एका पोराने दिलाय. हेन्री वॉलेस. लहान असताना तो एम्समध्ये कार्व्हरसोबत झाडं बघत हिंडायचा. तेव्हा मक्याच्या कणसांची प्रदर्शनं भरत. कणीस जेवढं देखणं, दाण्यांच्या ओळी जेवढ्या सरळ, तेवढा मोठा मान. पी. जी. होल्डन हे विद्यापीठाचे गाजलेले मकागुरू ते ठरवत. सोळा वर्षांच्या वॉलेसने त्यांनी क्रम लावलेली कणसं घेतली आणि पेरून बघितली. देखण्या कणसांचं पीक काही जास्त आलं नाही, उलट नाकारलेल्यांतली काही पुढे गेली. हा पोरगा पुढे देशाचा कृषिमंत्री झाला आणि उपाध्यक्षही. विद्यापीठाने बांधावर जावं हे खरं, पण बांधावरच्या पोराने विद्यापीठाला खोटं ठरवावं, एवढी सोय त्यात असली तर बहार.

ते क्लोव्हरचं चिन्ह मात्र जपून वापरायला हवं. दिवाळीत बायकोने दारात त्याची सुरेख रांगोळी काढली. कन्या शाळेतून आली आणि दारातच थबकली. १९३९ च्या केंद्रीय कायद्याने ते चिन्ह राखीव आहे, गैरवापराला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, असं तिने आईला सांगितलं. बायकोने चौथं पान पुसून त्याचं बिल्वपत्र केलं.

तिसऱ्या वर्षी बाई निवृत्त होणार असं कळलं. आणि त्याबरोबर दुसरी बातमी अशी, की त्यांची जागा भरायची की अर्ध्या वेळेची करायची यावर एक्स्टेंशनच्या काउन्सिलात विचार चालू आहे. त्या दिवशी मला बिलातली ती ओळ आठवली.

या ऑफिसाचा हिशेब आपल्या एकत्र कुटुंबासारखा आहे. एका छपराखाली माणसं बसतात, पण कुणाला विद्यापीठाचा पगार, कुणाला काउंटीचा. केंद्राचे थोडे, राज्याचे थोडे आणि बाकी आमच्या मालमत्ता करातून. आयोवात काउंट्या नव्व्याण्णव आणि एक्स्टेंशनचे जिल्हे शंभर, कारण पॉटावॅटमी नावाची काउंटी एवढी लांबरुंद की तिचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग केलेत. प्रत्येक जिल्ह्याला नऊ जणांचं निवडून आलेलं काउन्सिल. सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर, वरच्या सगळ्या मोठ्या भांडणांच्या खाली, अगदी तळाशी यांची नावं असतात. मी दोनदा मत दिलं होतं, कोणाला ते देव जाणे. हे नऊ जण तो दहा डॉलरचा कर ठरवतात.

अंदाजपत्रकाची जाहीर सुनावणी हिवाळ्यात असते. बाहेर गुडघाभर बर्फ. मी गेलो. सभागृहात काउन्सिलचे सात जण, हिशेब ठेवणारी एक मुलगी, टेबलावर घरी भाजलेली बिस्किटं आणि समोर मांडलेल्या वीस खुर्च्या. त्यांपैकी एकोणीस रिकाम्या. अध्यक्षांनी नियमाप्रमाणे विचारलं, “जनतेपैकी कोणाला काही म्हणायचंय का?” सातही माना माझ्याकडे वळल्या. जनता म्हणजे मी. आयुष्यभर ‘जनता जनार्दन’ ऐकलं होतं, होण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

मराठी माणसाला माइक दिसला की कंठ फुटतो. मी तयारी करून गेलो होतो, आणि तयारी थेट महात्मा फुल्यांपासून होती. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी सरकारला सुचवलं होतं की दरवर्षी प्रदर्शनं भरवा, पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्या, चांगल्या शेतकऱ्याला बक्षिसं द्या. म्हणजे ग्रॅहमसाहेबांच्या तळघराच्या एकोणीस वर्षं आधी. आणि शेतकऱ्याकडून शिक्षणाच्या नावाने ‘लोकल फंड’ गोळा करायचा पण त्याच्या पोरापर्यंत तो पोचवायचा नाही, यावरचा त्यांचा संताप तर जगजाहीर. हे सगळं मी बोलणार होतो. पण समोर सात थकलेली माणसं होती, त्यांतल्या दोघांच्या बुटांना शेण होतं, आणि वेळ तीन मिनिटं. म्हणून मी खुरांची गोष्ट सांगितली.

ती झाल्यावर एक वयस्क सदस्य म्हणाले, “ते सगळं खरं. पण काम तर स्वयंसेवकच करतात. माझी सून क्लब चालवते, एक पैसा घेत नाही.”

हे खोटं नव्हतं. देशभरात फोर-एचमध्ये साठ लाखांच्या आसपास मुलं आहेत आणि पाच लाख स्वयंसेवक, असं संस्थाच सांगते. पगारी माणसं साडेतीन हजार. आकडे नुसते बघितले तर पगारी माणूस म्हणजे लग्नातल्या वऱ्हाडातला वाढपी. असला तर ठीक, नसला तरी पंगत उठेलच, असं वाटतं. आमच्या बाई काय करायच्या ते तीन वर्षांत मी पाहिलं होतं. सुनेला क्लब चालवायला राजी केलं ते बाईंनी. तिची पार्श्वभूमी तपासून घेतली, तिला शिकवलं. दुसऱ्यांची पोरं तेराशे पौंडांच्या गोऱ्ह्याला दावं धरून फिरवत असतात, तिथे जबाबदार कोण हे कागदावर लिहून ठेवलं. दोन क्लबच्या आयांचं वाजलं तेव्हा दोघींच्या घरी वेगवेगळ्या दिवशी कॉफी प्यायल्या. ज्या पोराचं डुक्कर लिलावात गेलं आणि जो मंडपामागे हमसून रडत होता, त्याच्याशेजारी गवताच्या गठ्ठ्यावर अर्धा तास बसल्या, आणि एक शब्द बोलल्या नाहीत. या कामाची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

मी म्हणालो, “जत्रेतल्या फिती कोण देतं?”

“बँक.”

“ढाली?”

“बियाण्याचं दुकान.”

“मंडप?”

“ट्रॅक्टरवाले.”

“आणि बाईंचा पगार द्यायला कोणी पुढे आलंय का?”

कोणी काही बोललं नाही. फितीवर नाव छापता येतं, पगारावर कुठे छापणार? मग मी कार्व्हरची गाडी आणि कॅम्पबेलचा पगार सांगितला. तीन मिनिटं केव्हाच संपली होती, पण जनताच एकटी असल्यामुळे अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही.

‘शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड’ ही म्हण मला इंग्रजीत सांगायची फार इच्छा झाली होती. बरं झालं सुचली नाही.

त्या रात्री अण्णांना फोन केला. त्यांना सुनावणीचं फारसं अप्रूप वाटलं नाही, पण त्यांनी एक आठवण सांगितली. काही वर्षांपूर्वी गावात कृषीकन्या आल्या होत्या. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला मुलामुलींना गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं, मुली त्या कृषीकन्या आणि मुलगे ते कृषीदूत. त्यांतल्या एकीने हरभऱ्याच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून जिवाणू कसे चोळायचे ते अण्णांना दाखवलं. हेच मी कॉलेजात असताना त्यांना सांगितलं होतं, तेव्हा “बी काय बाळ हाय का तेल लावून न्हाऊ घालायला?” म्हणून त्यांनी मला उडवून लावलं होतं. त्या पोरीचं मात्र ऐकलं. “एवढी उन्हातनं आली होती, मन कसं मोडायचं?” अर्ध्या रानात केलं. बरं आलं का, असं विचारलं, तर अण्णा म्हणाले, “आलं असंल. सांगायचं कुणाला? पोरी परीक्षेला गेल्या. पुढच्या साली दुसऱ्या गावाला.”

अण्णांच्या या तक्रारीवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. राहुरीचं विद्यापीठ १९६८ चं, आणि त्या काळात अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठाने महाराष्ट्राला मदत केली ते पेनसिल्व्हेनिया स्टेट, म्हणजे आयोवा स्टेटचंच, जमिनीवर वाढलेलं भावंड. आराखडा तोच आला, विद्यापीठ, संशोधन, विस्तार. कृषी विज्ञान केंद्रं झाली, त्यांतल्या काहींनी डोळे दिपावेत असं काम केलं. पण एका केंद्रात मंजूर पदं सोळा आणि पुढ्यात अख्खा जिल्हा. हरभरा कसा आला हे ऐकायला दर वर्षी तोच माणूस त्याच बांधावर येईल, एवढी वायर काही पुरत नाही. अण्णांना जिवाणूंबद्दल शंका नव्हती. ज्याला सांगायचं तो माणूस परत आला नाही, एवढंच त्यांचं दुखणं.

काउन्सिलने दोन आठवड्यांनी निर्णय कळवला. जागा पूर्ण वेळेचीच राहील, पण सहा महिने रिकामी ठेवून पैसे वाचवायचे. त्या सहा महिन्यांत जत्रा येत होती. वयस्क सदस्यांच्या सुनेने क्लबचं आणि जत्रेचंही काम बघितलं. तीन आयांनी तिच्याशी अबोला धरला, गोऱ्ह्यांच्या वजनाची यादी हरवली, आणि सप्टेंबरात सासऱ्यांनीच नव्या माणसाच्या मुलाखती लवकर घ्या म्हणून पत्र दिलं.

नवीन आलेला पोरगा पंचविशीचा आहे. पहिल्या दिवशी कन्येच्या शेळीने त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र खाल्लं.

या ऑगस्टमध्ये बिल आलं. मी चहा घेऊन बसलो. ती ओळ तळाशी होती, अकरा डॉलर चार सेंट. मागच्यापेक्षा सत्तावीस सेंट जास्त. बेरीज करून पाहिली, बरोबर होती. भरले.